श्रावण पाळला, माळ घातली, दारू सुटली… पण सुटलेली टिकते कशी?

आपल्या इकडे विदर्भात दरवर्षी एक प्रकार पाहायला भेटतो. श्रावण लागला की गावातले निम्मे पिणारे एकदम बंद. "श्रावण पाळतो बापा मी," म्हणते. महिनाभर ना दारू ना मटण, कपाळावर गंध, सोमवारी महादेवाच्या देवळात सगळ्यात पुढे. मग पोळा येतो, पोळा फुटतो, अन् दुसऱ्या दिवशी कर. करीच्या संध्याकाळी तोच माणूस नाल्याच्या काठानं आडवा आणि पोट्टे त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात (हे लई वाईट आहे, पण ते दुसऱ्या लेखात).

आणि त्याच गावात असाही एखादा बुढा असतो की ज्यानं जवानीत वावर विकून दारू प्याली, मग कधीतरी पंढरपुरात माळ घातली, आणि तेव्हापासून थेंबाला शिवला नाही. देव एकच, गावही एकच, मग याचं टिकलं अन् त्याचं काहून नाही टिकलं?

लोकांची उत्तरं ठरलेली. एक म्हणतो मनाची तयारी पाहिजे, दुसरा म्हणतो देवाची कृपा, तिसरा म्हणतो सरकारनं बंदी करावी सगळं ठीक होते. आणि हायवेच्या भिंतीवर रंगवलेलंच असते, 'दारू सोडवा, न सांगता, गॅरंटीनं'. मी डॉक्टर नाही, बुवाही नाही. पण या विषयात माहीत असलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्या गावापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून जमेल तेवढं साध्या भाषेत सांगतो.

"महिनाभर राहतो ना मी, मंग मले व्यसन कसं?"

हा प्रश्न श्रावणात हमखास ऐकू येतो, म्हणून पहिले हाच घेऊ.

डॉक्टर ज्याला 'अवलंबित्व' म्हणतात, म्हणजे शरीर अन् मन दोन्ही दारूवर टेकलेलं असणं, ते किती दिवस बंद ठेवता येते यावरून ठरत नाही. ते यावरून ठरते की एकदा सुरू केल्यावर थांबता येते का, आधी एका पव्व्यात भागायचं तिथं आता दोन लागतात का, सकाळी न पिता हात थरथरतात का, घर, वावर, मजुरी सगळं बुडताना दिसत असूनही हात तिकडेच जातो का. महिनाभर बंद ठेवून जो माणूस करीचे दिवस बोटावर मोजत बसतो, त्याचं मन त्या महिन्यातही दारूपाशीच बसलेलं असते.

पण श्रावणाला नावं ठेवू नका, कारण तो आपल्याला फुकटात एक मोठी गोष्ट दाखवून देतो. त्या महिन्यात हाच माणूस थांबतो कसा? कारण त्याच्यासोबतचे चारजणही थांबलेले असतात, कोणी आग्रह करत नाही, घरात पोथी लागलेली असते, संध्याकाळी देवळात जायचं असते आणि पापाची भीतीही असते. म्हणजे चारही बाजूनं टेका. कर आली की हे सगळे टेके एकाच दिवशी निघतात, माणूस मात्र आतून तोच राहिलेला असतो. मग पडणार नाही तर काय.

आता तलफ. दारू पिल्यावर मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन वाढते, ते मेंदूला सांगते की हे लक्षात ठेव, हे परत पाहिजे. वर्षानुवर्षं पिल्यावर मेंदू नुसती दारू नाही लक्षात ठेवत, दारूच्या आसपासचं सगळं लक्षात ठेवतो. बाजाराचा दिवस, हातात आलेली हप्त्याची मजुरी, ठेल्यावरच्या भज्यांचा वास, एखाद्या ठराविक दोस्ताच्या गाडीचा हॉर्न. यातलं काहीही समोर आलं की आतून ओढ सुरू होते, तीच तलफ, आणि दारू सोडून वर्ष झालं तरी ती येऊ शकते. यात माणूस नालायक आहे असं काही नाही, मेंदूची सवय आहे ती. चांगली गोष्ट ही की एकेक तलफ फार वेळ टिकत नाही, साधारण अर्ध्या तासात चढून उतरते. सोडलेली दारू सांभाळायची म्हणजे असे अर्धे-अर्धे तास काढत जायचं, बरेच दिवस.

आणि हे गावातल्या दोन-चार घरांपुरतं नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेला देशभराचा सर्व्हे आला, त्यात १० ते ७५ वयाचे साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं त्रासाचं किंवा अवलंबित्वाचं आहे असं निघालं. पुढचा आकडा जास्त बोचतो. पूर्ण दारूवर टेकलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार भेटला होता. बाकीचे ३७ देवाच्या, बायकोच्या नाहीतर नशिबाच्या भरवशावर.

पहिला आठवडा मात्र देवाच्या भरवशावर सोडू नका

श्रद्धेबद्दल लिहायला बसलो आणि आधी दवाखान्याचं सांगतो, कारण इथे चुकलं तर जीव जातो.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की शरीर बंड करते, त्याला 'विड्रॉल' म्हणतात. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलटी, झोप उडणं सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहीजण बडबडायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, रात्री उठून पळतात. आणि नेमकं इथेच आपल्याकडे घरचे म्हणतात "याले बाहेरचं झालं", आणि त्याला उचलून अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे नेतात. राजेहो, ते भूत नसते. तो विड्रॉलचा सगळ्यात धोक्याचा प्रकार असतो आणि वेळेवर उपचार नाही झाला तर माणूस दगावतो. माळ घातल्यावर तिसऱ्या दिवशी गेला आणि लोक म्हणाले "देवानं उचललं", असं कानावर आलं की मला हेच आठवते.

म्हणून रोज पिणारा, सकाळी उठल्या उठल्या लागणारा, आधी कधी झटका आलेला माणूस सोडणार असेल तर पहिले जिल्हा रुग्णालय नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय. तिथे थरथर शांत करायच्या गोळ्या ठरवून देतात अन् हळूहळू कमी करत नेतात, आणि बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात. हे बी-१ मुद्दाम सांगतो, कारण गावात "याले एक सलाईन लावून द्या" म्हणायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ आधीच कमी असते आणि ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गळ्यात माळ राहू द्या, अंगारा लावायचा तर लावा, पण लावून दवाखान्यात जा.

आणि ते भिंतीवरचं 'न सांगता गॅरंटीनं'? अशा पुडीत काय असते ते विकणाराच जाणे, पण चोरून दिल्या जाणाऱ्या औषधांत डायसल्फिरामही असते. डॉक्टरच्या देखरेखीत, रोग्याला सांगून, त्याची मर्जी घेऊन दिलेलं हे चांगलं औषध आहे. ते घेतलेलं असताना दारू प्याली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी उतरते, त्या भीतीनं माणूस पीत नाही. पण ज्याला माहीतच नाही की भाजीतून आपल्याला काय खाऊ घातलं तो नेहमीसारखा पव्वा मारणार, आणि मग भरती करायची पाळी येते, कधी त्याच्याही पुढे जाते. गोळी बंद केल्यावरही हा धोका १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. वयनी, मायबाई, तुमचा जीव किती कासावीस झाला असेल हे समजते, पण भाजीत काही टाकू नका.

मग श्रद्धा करते तरी काय?

शरीर शांत झालं, आठ-दहा दिवस गेले, माणूस घरी आला. आता खरी गंमत आहे, कारण दवाखान्यानं दारू काढली पण तिच्या जागी काही दिलं नाही. वावरातून हरळी खोदून काढली, वखर मारला आणि पेरलंच नाही, तर पहिल्या पावसात काय उगवते ते आपल्याला माहीत आहे. तिथे पऱ्हाटी नाहीतर तूर उभी पाहिजे, तेव्हा कुठे तण दबते, आणि तरी निंदण करावंच लागते.

श्रद्धा ही पेरणी करते, आणि ती कशी करते हे बारीक पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट वेळ. पिणाऱ्याची अवघड वेळ म्हणजे दिवस मावळल्यापासून जेवणापर्यंत. आता तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना कोणत्या वेळेला असते? त्याच वेळेला. मोझरीच्या गुरुकुंजापासून ते कोपऱ्यातल्या वाडीवरच्या गुरुदेव सेवा मंडळापर्यंत लोक एकत्र बसतात, रांगेत, शांत, मग भजन, खंजिरी. तलफेचा अर्धा तास तिथेच निघून जातो. हरिपाठाचं तसंच, विहारातल्या वंदनेचं तसंच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, ती म्हणजे नाही म्हणता येणं. शहरातल्या लोकांना हे समजत नाही. गावात "मी पीत नाही" म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान असतो. "काहून बे, मोठा झाला का तू? आपल्या दोस्तीची काही किंमत हाय का नाही?" लग्नात, साक्षगंधात, अखाडीला, सोयाबीन विकल्यावर, जवाई आला म्हणून. इच्छाशक्ती किती वेळा लढणार? पण गळ्यात तुळशीची माळ दिसली की हाच दोस्त स्वतः म्हणतो "त्याले नका देऊ रे, माळकरी हाय तो." भांडण नाही, अपमान नाही, सफाई द्यावी लागत नाही. रोज दहा वेळा द्यायचा नकार माळ एकदाच देऊन टाकते. भंडारा, गोंदिया, नागपूरकडे परमात्मा एक सेवकांचंही हेच आहे. महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या मार्गात आलं की दारू, जुगार, सट्टा बंद, वागण्यात सत्य, मर्यादा, प्रेम. गावात एकदा माहीत झालं की हे घर सेवकाचं आहे की कोणी बाटली घेऊन त्या दारात जात नाही. आणि १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लोकांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातही मी दारू पिणार नाही ही एक आहेच. ती एकट्यादुकट्याची शपथ नव्हती, लाखोंनी सोबत घेतलेली होती, त्यातच तिची ताकद आहे.

तिसरी गोष्ट माणसं. दारू सोडली की पहिले दोस्त जातात, संध्याकाळ खायला उठते. पालखीत, दिंडीत, मंडळात नवे लोक भेटतात ज्यांच्यासोबत बसायला बाटली लागत नाही. आणि तिथे त्याला काहीतरी काम मिळते. सतरंजी उचल, माईक लाव, पंगतीत वरण वाढ. ज्याला दहा वर्षं घरात कोणी किल्ली हातात दिली नाही त्याच्या हातात मंडळाची वर्गणी देतात. यानं जे होते ते कोणत्या गोळीनं होत नाही.

गाडगेबाबांचं उदाहरण इथे दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर उद्ध्वस्त झालं, लहानग्या डेबूला घेऊन आई माहेरी दापुऱ्याला आली. पुढे याच डेबूजीनं आपल्या मुलीच्या बारशाला, जिथे दारू-मटणाचा रिवाज होता, तिथे गोडाचं जेवण घातलं. लोक नाराज झाले म्हणतात, होणारच. पण पाहा, त्यांनी फक्त 'पिऊ नका' असं नाही सांगितलं, पंगत तशीच ठेवली, ताटातलं बदललं. नंतर आयुष्यभर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत दारू अन् कर्जावर बोलत राहिले.

हे सगळं आपल्याकडेच आहे का?

नाही. अमेरिकेत १९३५ साली बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामानं अॅक्रन नावाच्या परगावी गेला, सौदा फिसकटला, हॉटेलच्या लॉबीत उभा, समोर बार. त्याला दारू सोडून थोडेच महिने झाले होते. त्यानं काय केलं, तर फोनवरून चर्चवाल्यांना विचारत सुटला की इथे कोणी दुसरा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्याला भेटला बॉब नावाचा एक सर्जन, तोही पिणारा. दोघं बोलत बसले. बॉबनं १० जूनला शेवटची प्याली, आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची सुरुवात धरतात. फी नाही, पूर्ण नाव सांगायचं नाही, एका खोलीत बसून आपापलं सांगायचं. आज जगभर आहे, आपल्या नागपुरातही मिटिंगा होतात.

त्यांच्या बारा पायऱ्या आहेत. गंमत अशी की दारूबद्दल थेट बोललंय ते पहिल्या पायरीत, की ही आता आपल्या हातात राहिली नाही हे कबूल करा. पुढचं जवळपास सगळं देवाबद्दल अन् वागण्याबद्दल. स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवा, आपल्या चुकांचा हिशोब लिहून काढा, तो दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवा, ज्यांना दुखावलं त्यांची यादी करा, भरपाई करून कोणाचं आणखी नुकसान होणार नसेल तर करा, रोज हिशोब पाहा, प्रार्थना करा, आणि दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करा.

"हे भावनेचं झालं, पुरावा काय?" असं विचारणारे असतात आणि विचारायलाच पाहिजे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं, जी जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, २७ अभ्यास अन् दहा हजारांवर लोकांचा हिशोब मांडला. ए.ए. आणि तिकडे जोडून देणाऱ्या उपचारांतून वर्षभरानं पूर्ण कोरडे राहिलेले साधारण ४२ टक्के होते, दुसऱ्या मान्य समुपदेशनातून ३५ टक्के. म्हणजे जादू नाही, अर्ध्याहून जास्त लोक तिथेही घसरलेच. पण फुकटात चालणारी मिटिंग पैसे घेणाऱ्या उपचारापेक्षा उणी पडली नाही, उलट थोडी सरस निघाली.

"मी देवच मानत नाही, मंग माह्यं काय?"

मग तुमचं अडत नाही. ए.ए.वालेसुद्धा म्हणतात की ज्याला जसा समजला तसा देव, आणि काहीजण तिथे त्या ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून चालतात. बुद्धाच्या पंचशीलात पाचवं शील नशेपासून दूर राहायचं आहे, त्यासाठी कोणत्या देवाला साकडं घालावं लागत नाही, रोज स्वतःच स्वतःला सांगायचं असते. वर मी जे सांगितलं, वेळ, नकार, माणसं, काम, ते ग्रामसभेच्या दारूबंदी समितीतून मिळेल, पोट्ट्यांच्या कबड्डी टीममधून मिळेल, शाळेच्या व्यवस्थापन समितीतूनही मिळेल. फक्त एकट्यानं खोलीत बसून, दात-ओठ खाऊन टिकवणारे मला फार कमी दिसले.

गडचिरोली, चंद्रपूरच्या आदिवासी भावांचा प्रश्न वेगळा असतो, "आमच्या देवालेच मोहाची लागते." बरोबर आहे, मोह हे त्यांचं झाड आहे, फूल खाण्यात आहे, पूजेत आहे, बाहेरच्यानं येऊन त्याला शिव्या देऊ नये. पण देवापुढे थेंब सोडणं आणि रोज शिसी रिकामी करणं यातला फरक त्या गावचे बुजुर्गच जास्त चांगला सांगू शकतात, आणि ज्यानं सोडली आहे त्याच्यासाठी विधीतला तो भाग दुसऱ्या कोणी केला तर देव रागावेल असं मला तरी वाटत नाही. गडचिरोलीत सर्च संस्था अन् सरकारच्या मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमातून तालुक्याला क्लिनिक चालतात, तिथे गावालाच सोबत घेऊन काम होते हे मला पटते.

"मंग माळ घालूनही लोक परत काहून पेतात?"

कारण माळ गळ्यात गेली, राग होता तिथेच राहिला.

प्यायचा तेव्हा मारायचा, आता पीत नाही पण आवाज चढलेलाच. घरात चहा उशिरा झाला तर कप फेकतो, पोराला धाक, अन् वरून "मी दारू सोडली ना, अजून काय पाहिजे तुमाले?" त्याची बायको शेजारणीला हळूच म्हणते की पेत होता तेव्हा बरा होता, निदान झोपून तरी जायचा. दारू ही बऱ्याच माणसांसाठी राग, लाज, कर्ज, बेचैनी, न लागणारी झोप या सगळ्यावरचं एकच औषध असते. औषध बंद केलं अन् दुखणं तसंच ठेवलं तर किती दिवस चालेल? म्हणूनच बारा पायऱ्यांतल्या बहुतेक वागण्याबद्दल आहेत, आणि म्हणूनच आपल्या संतांनी नुसतं नाव घ्या नाही म्हटलं, वागणं सुधारा म्हटलं. माणूस आतून वाढतो म्हणजे काही मोठं अध्यात्म नाही. सावकाराकडे जाऊन खरा आकडा विचारून येणं, पोराच्या शाळेत जाणं, चूक झाली तर बायकोसमोर चूक म्हणणं (आपल्याकडे पुरुषाला दारू सोडण्यापेक्षा हे जड जाते), आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं आत्ता काय होतंय हे ओळखता येणं. डवरणी करून उन्हातून आलेला, सकाळपासून चहावर असलेला, भावाशी धुऱ्यावरून भांडण झालेला माणूस चौकात उभा असेल तर त्याला आधी भाकर पाहिजे, प्रवचन नंतर.

दुसरं कारण जास्त आतलं आहे. शपथ जितकी कडक, तितकी ती तुटल्यावरची लाज मोठी. एखाद्या लग्नात एक घोट गेला, ए.ए.वाले याला 'स्लिप' म्हणतात. खरं तर तो एकच घोट आहे, तिथून घरी येता येते. पण माळकऱ्याच्या मनात येते की आता माळ बाटली, आता देवाला तोंड कसं दाखवू, आता सगळंच गेलं तर पूर्णच पिऊ. आणि मग आठ दिवस शुद्ध नाही. मानसशास्त्रवाल्यांनी याचा बराच अभ्यास केला आहे, त्यांचं म्हणणं की पहिल्या घोटापेक्षा ही 'सगळं गेलं' वाली भावना माणसाला जास्त खाली नेते.

इथे गावाचं, मंडळाचं काम येते. ज्या मंडळात घसरलेल्याला परत येता येते तिथे माणसं टिकतात. जिथे त्याचं नाव माईकवरून काढतात तिथे तो लपून प्यायला लागतो अन् गळ्यात माळ तशीच ठेवतो, मग तर सगळंच खोटं. विणेकऱ्याला, मंडळाच्या अध्यक्षाला माझी हात जोडून विनंती, की तो दुसऱ्या दिवशी सकाळी मान खाली घालून आला तर काल काय झालं हे चारचौघात विचारू नका. बसू द्या. टाळ द्या हातात.

"बुवाकडे नेलं तर चालते का मग?"

कोणत्या बुवाकडे यावर आहे. पैसे मागतो, डॉक्टरच्या गोळ्या बंद करा म्हणतो, मारतो, बांधून ठेवतो, तर तिथून उठा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे आजारही येतात, त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला साफ बंदी आहे. हेच खासगी 'व्यसनमुक्ती केंद्रां'नासुद्धा लागू आहे बरं, जिथे घरच्यांना महिना-महिना भेटू देत नाहीत. भरती करण्याआधी नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, हे विचारायला लाजू नका.

आणि दारूबंदी केली तर?

वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. त्यावर भांडणारे दोन्हीकडचे लोक हुशार आहेत, मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की दुकान दूर गेलं तर नव्या पोट्ट्याला सुरुवात करायला अडचण होते आणि सोडलेल्याच्या वाटेतली एक ओढ कमी होते, हे चांगलंच. पण जो आधीच टेकलेला आहे तो हद्द ओलांडून जातो नाहीतर हातभट्टीची पितो, आणि त्यासाठी दवाखाना अन् माणसं लागतातच, बंदी असो की नसो.

घरच्यांनी काय करावं

रोज तोंडाचा वास घेऊन पाहू नका, त्यानं भांडण वाढते बाकी काही नाही. पण पहिले काही महिने चुकारा, मजुरी, सोयाबीनचे पैसे त्याच्या हातात एकट्याच्या नको, हे त्याच्याशी बसून आधीच ठरवा, तो शुद्धीत अन् खुशीत असताना. सणाच्या दिवसांचं आधी ठरवा की कोणासोबत राहायचं, जेवण किती वाजता, तलफ आली तर फोन कोणाला. जुन्या गोष्टी उकरून काढायचा मोह होतोच, त्याच्यापेक्षा तुमचं दुःख सांगायला तुम्ही वेगळी जागा शोधा, बचत गटातली बाई असो, आशाताई असो, की घरच्यांसाठी असलेल्या अल-अॅनॉनच्या मिटिंगा असोत. पिणारा सुधारला की आपण आपोआप बरे होऊ असं बऱ्याच बायकांना वाटते, तसं होत नाही, त्यांनाही वेगळा आधार लागतो.

फोनसाठी दोन नंबर आहेत, दोन्ही फुकट. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि १४४१६ टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात गेलात तर मनोविकार ओपीडी विचारा, आणि डॉक्टरला सगळं खरं सांगा. रोज किती पव्वे, देशी की हातभट्टी, शेवटची कधी प्याली, आधी कधी झटका आला होता का, आणि कोणी दिलेली पुडी, चूर्ण, काढा काही सुरू असेल तर ते सोबत घेऊनच जा.